माळीमामांचा अर्ज

महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं तर अर्जावर सूचकाची सही लागते. सूचक म्हणजे त्याच वॉर्डातला एक मतदार. या माणसाला उभं करावं असं सांगणारा. माळीमामांच्या अर्जावर ती सही माझी होती.

मामा आमच्या हिमायतनगरच्या गल्लीतल्या बागेत तीस वर्षं पालिकेचे माळी होते. तरुणपणी नांदेडकडून आलेले. मराठी बोलता बोलता निम्मं वाक्य दखनीत, म्हणजे आमच्या शहरातल्या उर्दूत, जायचं. बागेच्या मागच्या कोपऱ्यात ते रोपं वाढवत, आणि त्यांनी दिलेला कडीपत्ता किंवा पेरू नाही असं घर गल्लीत नव्हतं. आमच्या दारातला पेरू त्यांनीच दिलेला. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ते मला ‘बाबू’ म्हणत.

ते रिटायर झाले त्याच सुमारास शहरभर दुकानांच्या इमारती उठू लागल्या होत्या. बागेच्या जागेवरही कॉम्प्लेक्स येणार हे पक्कं झालं. मामांनी विनंत्या केल्या, अधिकाऱ्यांच्या दारात बसून राहिले, आणि शेवटी म्हणाले, “मीच उभा राहतो. तिथं एक तरी माणूस बागेचं बोलंल.”

मग ते घरोघर जाऊ लागले. आधी झाड बघायचे, मग माणसाकडे वळायचे.

“मामा, मत मागायला आलात की झाड तपासायला?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“मत पाच वर्षांनी एकदा द्या. कडीपत्त्याला ताक मात्र दर हफ्त्याला पाहिजे. पानं पिवळी पडली बघा.”

काकू हसल्या. गल्लीतली सगळी मतं त्यांनाच पडणार, असं तेव्हा खरंच वाटत होतं.

बागेच्या फाटकाशी शेंगा विकणारी बाई म्हणाली, “मैं देतूं अंगूठा, मामा.” माझ्या सहीचा अर्ज बाद झालाच तर असावा म्हणून मामा तिचा अंगठा घेऊन आणखी एक अर्ज भरून ठेवणार होते. मी त्यांना थांबवलं. “अंगठा कशाला? शिकलेल्या माणसाची एक सही पुरे.” आणि बागेतल्या बाकावर बसून, अर्ज गुडघ्यावर ठेवून, मी ऐटीत सही केली.

तेव्हा मी एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढत होतो. माझा आधीचा सरकारी कारखाना बंद पडायला आला, म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष घरी बसल्यावर ही नोकरी मिळाली होती. बागेवरचा कॉम्प्लेक्स आमच्याच ऑफिसचा आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं. ठाऊक होतं. त्याच्या जिन्याचा नकाशा मीच काढला होता. सही करताना एवढंच वाटलं की ऑफिसात कुणाला कळणार आहे.

छाननीच्या दिवशी सकाळी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. “कागज पे तुमारा नाम देखा मैं. तुमारीच सही है क्या?”

मी तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला.

“मेरेकू नक्को बोलो. वहाँ पूछेंगे, वहाँ बोलो. सोच के.” त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यालो.

वॉर्डाच्या कचेरीत दुसऱ्या उमेदवाराच्या माणसानं हरकत घेतली की सूचकाची सही खोटी आहे. अधिकाऱ्यानं अर्ज माझ्यापुढे सरकवला.

“ही सही तुमची?”

मामा माझ्या शेजारी उभे होते. इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

“नाही,” मी म्हणालो.

अधिकारी मामांवर उखडला. “दुसऱ्याची सही ठोकता? गुन्हा आहे हा! पोलिसात देऊ?”

यानंतर मी जे बोललो ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, “जाऊ द्या साहेब. म्हातारा माणूस आहे.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ज बाद झाला आणि ते बाहेर पडले. बाहेर शेंगावाली ओरडत होती, “अब्बी लेओ ना मेरा अंगूठा!” अर्ज भरायची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती.

बाग गेली. कॉम्प्लेक्स झाला. माझी नोकरी टिकली. मी काढलेल्या जिन्यावरून आजही लोक चढतात.

मागच्या वर्षी कळलं की मामा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला मुलाकडे असतात, फारसे उठत नाहीत. गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वाटेत घोकलेलं वाक्य मी बसताक्षणी बोलून टाकलं. “मामा, ती सही माझीच होती.”

“कसली सही, साहेब?”

“तुमच्या अर्जावरची.”

“तुम्ही कुठं सही केली होती?” ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारली, “साहेबांना चहा टाक गं.”

वय झालं, विसरले असतील, असं मानून मी सुटलो असतो. पण मग त्यांनी गल्लीची चौकशी सुरू केली. काकूंचा कडीपत्ता पिवळा पडतो का अजून? डॉक्टरांच्या दारातला आंबा धरला का? कोपऱ्यावरच्या घरातलं लिंबू राहिलं का तोडलं? एकेक घर, ओळीनं.

आमचं घर त्या ओळीत काकूंच्या आणि डॉक्टरांच्या मधलं. आमच्या पेरूचं त्यांनी विचारलं नाही.