'थांबण्याचं कारण: मास्क'

मंडळी, मी डोंबिवलीत ट्रेडमिलवर हृदयाची तपासणी करते. आज मानपाड्याचे एक काका चौथ्याच मिनिटाला "बस, थांबवा" म्हणाले. त्यांना खोकला होता म्हणून मास्क मीच लावायला दिलेला. 'थांबण्याचं कारण' या रकान्यात मी सवयीने 'मास्कमुळे दम' लिहिलं.

काकांनी वाकून वाचलं आणि ते हसले. "अहो मॅडम, केमिकल कंपनीत वीस वर्षं मास्क लावून ड्रम ढकलतोय. मास्कला कशाला नावं ठेवता? हा दम नवा आहे."

मी ते खोडलं, त्यांचेच शब्द लिहिले आणि डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच पुढच्या तपासण्या सांगितल्या.

याआधी कितीजणांना न विचारताच मी 'मास्क' लिहिलं असेल? तुम्हीही दम लागला की आधी सोपं कारणच शोधता का?