पलीकडच्या बाजूची पायरी

ठाण्याच्या इस्पितळात आमची शेवटची भेट झाली तेव्हा सुधाकरने डोळे उघडून एवढंच विचारलं, "पायरी?" मी म्हटलं, "दीड वीत, दोन बोटं." तो समाधानाने हसला. सलाइन बदलणारी नर्स आमच्याकडे बघतच राहिली. त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला... "गेले हो," एवढंच म्हणाल्या.

डोंबिवलीच्या एकाच शाळेत आम्ही मास्तर. तो चित्रकलेचा, मी गणिताचा. ऐंशीच्या दशकात कल्याणबाहेरच्या एका गिरणीच्या साइडिंगवर, म्हणजे तिच्या आतल्या रुळांवर, वाफेचं एक बुटकं इंजिन मालडबे पुढे-मागे ढकलत असे, आणि रविवारी सुधाकर मला तिथल्या तारेच्या कुंपणाशी नेऊन उभा करायचा. मला त्यात काही दिसेना. "मेलचं इंजिन म्हणजे नवरदेव रे," तो म्हणायचा. "ही लग्नघरातली मावशी. फोटोत कुठे नाही, पण तिच्यावाचून पान हलत नाही." घरी गॅलरीत बसून, पत्रा आणि पितळ कापून तो त्या मावशीची प्रतिकृती करत होता, पण एकाच बाजूची. इंजिन त्या रुळांवर नुसतं जायचं-यायचं, वळायचं कधीच नाही. कुंपणातून कायम डावी बाजूच दिसे. "अरे, उजवीही तशीच असणार," मी म्हटलं की तो भडकायचा. "तुझे दोन कान तरी सारखे आहेत का? अंदाजपंचे दाहोदरसे माझ्याकडे चालणार नाही."

मग एके दिवशी इंजिन भंगारात निघाल्याची बातमी आली, तीही ते तोडायच्या दिवशीच. आम्ही शाळेतून थेट धावलो. फाटकावरचा म्हातारा तिथलाच, जवळच्या गावातला. सुधाकरने हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. शेवटी म्हातारा म्हणाला, "पिशवी हितंच ठेवा, मास्तर. आन् कटर पेटला का लगेच भायेर!" पिशवीत टेप होती, कॅमेरा होता... सगळं फाटकावर राहिलं.

आत गॅसकटरवाला नळ्या जोडत होता. सुधाकर इंजिनाला वळसा घालून पलीकडे गेला आणि क्षणभर नुसता उभा राहिला. उजवी बाजू खरंच वेगळी होती. मग त्याने पंजा फाकवला आणि गंजक्या पत्र्यावर वितीने मोजत सुटला. तो आकडा सांगे, मी पाढे म्हणावेत तसे घोकत होतो. तेवढ्यात फस्सकन ज्योत पेटली. "हटो साहब, ऊपर से गिरेगा!" कटरवाला ओरडला. ठिणग्या उडू लागल्या. आणि हा वाकून खाली बसलेला. "पायरी राहिलीये!" मी त्याची कॉलर धरून ओढलं. "दीड वीत, दोन बोटं!" तो ओरडला, आणि आम्ही मागे सरकतो तोच धुराडं धाडकन रुळांवर आलं.

पुढची कित्येक वर्षं मीच त्याची वही होतो. सुट्टीत एकेक भाग व्हायचा. तो विचारी, मी सांगे, तो पट्टीशेजारी आपला हात ठेवून माप घेई आणि ते प्रतिकृतीच्या प्रमाणात लहान करी. मी कितीदा म्हटलं, "बाबा रे, तुझ्या वितीचे सेंटिमीटर एकदा लिहून ठेव." तो हसायचा. "हात कुठे पळून जातोय?" पायरी मात्र त्याने शेवटी ठेवली होती. गाडी पुरी झाल्याशिवाय कुणी चढतं का, म्हणायचा.

परवा वहिनींनी बोलावलं. स्टुलावर इंजिन होतं, पायरीपुरतं अपुरं. "तेवढी लावून द्या, भाऊजी." मी पट्टी घेतली, माप ओठांवर होतंच... आणि थबकलो. दीड वीत, पण वीत कुणाची? माझ्या हाताने मोजलं तर ते अंदाजपंचेच. मला रागच आला त्याचा. इतका जीव धोक्यात घालून आणलेलं माप, आणि हात मात्र चितेवर गेला.

वहिनींनी आपला पंजा पट्टीवर फाकवला. "त्यांची वीत माझ्याहून एका पेराने मोठी."

"नक्की?" मी विचारलं. गणिताच्या मास्तराची खोड.

"महिनाभर तोच हात हातात घेऊन बसले होते, भाऊजी."

सोल्डरिंगचा डाग देताना माझी बोटं भाजली, पण पायरी बसली. इंजिन आता शोकेसमध्ये असतं. वहिनींनी त्याची उजवी बाजू खोलीकडे केली आहे.