नैरोबीत वैनी हरवल्या तेव्हा

आमच्या वैनींना भीती वाटायची, पण उशिरा. प्रसंग घडत असताना बाई दगडासारखी थंड. एकदा गवऱ्यांच्या ढिगात घोणस निघाली. आम्ही पुरुषमाणसं काठ्या शोधत होतो, तोवर वैनींनी फावड्यानं तिचे दोन तुकडे केले, लांब नेऊन टाकले, अंगण झाडलं, घरभराच्या भाकरी थापल्या, आणि सगळे जेवून उठल्यावर चुलीपुढं बसून लटलट कापायला लागल्या. आई म्हणाली, अगं साप सकाळी मारलास ना, मग आता काय झालं? वैनी म्हणाल्या, "तवा येळ कुठं हुता भ्यायला?"

माझ्या थोरल्या भावाची ही बायको. माहेर शेवगावकडचं, कोरडवाहू मुलखातलं. आमच्या कोपरगावकडच्या पाटपाण्याच्या गावात नांदायला आली तेव्हा मी शेंबडा पोर होतो. पण पहिल्या दिवसापासून त्या मला 'भावजी' म्हणाल्या आणि 'तुमी' म्हणाल्या. मास्तरांनी सगळ्या वर्गापुढं कान पिळला म्हणून चौथीत मी शाळा सोडली. गावानं समजावलं, मी गेलो नाही तो नाहीच. वैनी समजवायला आल्या नाहीत. आईला एवढंच म्हणाल्या, "भावजींचं डोकं म्हंजी वरवंटा हाय. फुटायचं न्हाई. ऱ्हाऊ द्या, वाटायला तरी कामाला यील." लोक हसले. मला मात्र ती शाबासकी वाटली, आणि अजूनही वाटते.

दादा साखर कारखान्यात फिटर होते. हात चांगला म्हणून त्यांना आफ्रिकेतून बोलावणं आलं. केनियात किसुमूच्या बाजूला कारखाना होता, तिथं ते गेले, आणि बस्तान बसल्यावर वैनींना बोलावलं. आई बाईमाणसाला एकटं सोडायला तयार नव्हती, म्हणून सोबतीला मी. आई मला म्हणाली, जशी नेतोस तशी आणून दे. बोटीवर पाणी खवळलं तेव्हा धडधाकट माणसं आडवी झाली. वैनी सगळ्यांना लिंबू कापून देत फिरत होत्या. मोंबासाला पक्क्या जमिनीवर पाय ठेवला आणि मग धक्क्यावर बसून त्यांनी उलट्या काढल्या.

तिथं गेल्यावर वैनींना दिवस गेले. आधी दोनदा पोट राहून गेलं होतं, त्यामुळं आम्ही कुणी तोंडानं काही बोलत नव्हतो. मी त्यांना पाण्याची बादली उचलू देत नसे. सहावा महिना लागला तशी दादांना हौस आली, की अंग जड व्हायच्या आत शनिवार-रविवार हिला नैरोबी दाखवून आणू. मी नको म्हणालो. ते दिवस वाईट होते. शेजारच्या देशातून आपल्याकडच्या लोकांना घालवून दिलं होतं, आणि उद्या इथंही तेच होईल असं कारखान्यातला जो तो दबक्या आवाजात बोलायचा. घराघरात एकेक ट्रंक भरून ठेवलेली. दादा माझ्यावर हसले. वैनी म्हणाल्या, "जाऊ की. भावजी आत्ता भितील, मी मागनं भिईन. दोघांचं भागंल."

वाटेत नाकुरूच्या स्टेशनात आमच्या गाडीशेजारी ती दुसरी गाडी उभी होती, घालवून दिलेल्या लोकांची, मोंबासाच्या बोटीकडं चाललेली. खिडक्या अर्ध्या लावलेल्या. एक म्हातारी मांडीवर पितळेचा डबा धरून बसली होती आणि आमच्याकडं बघत होती, पण तिला आम्ही दिसत होतो असं वाटलं नाही. वैनींनी आमच्या खिडकीतून तिला केळी दिली. तिनं घेतली, खाल्ली नाही. गाडी हलल्यावर दादा काहीतरी विनोद करायला गेले. कुणी हसलं नाही.

नैरोबीत आम्ही गुजराती लोकांच्या वाडीत उतरलो. थंडी एवढी, की वैनींनी लुगड्यावर दादांचा कोट घातला आणि त्या तशाच शहर बघायला निघाल्या. रस्ते आमच्या गावच्या नदीएवढे रुंद. मोटारी कुठून येतात कळायचं नाही. ओलांडताना मी मधे, माझा पाय उचलायचा नाही, आणि वैनी मला दंडाला धरून पलीकडं न्यायच्या. एका दुकानाच्या काचेत कपडे घातलेली बाहुली उभी होती, माणसाएवढी. वैनींनी ती खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "उभ्या उभ्या हसती," म्हणाल्या. "हिला सासू नसंल."

रविवारी दुपारी दादा परतीच्या गाडीची जागा पक्की करायला गेले. स्टेशनासमोर एक नवी उंच इमारत होती, तिच्या खालच्या दालनात आम्हाला उभं केलं आणि बजावून गेले, हिला संभाळ, मी आलोच. वैनींचे पाय सुजले होते. टेकायला कुठं काही नव्हतं. भिंतीत एक दार उघडं होतं, आत लहानशी खोली, दिवा, खाली गालिचा. वैनी म्हणाल्या, जरा इथं बसते, आणि आत गेल्या. त्यांच्या मागं एक साहेब शिरला. मी पाऊल उचलतो तोवर दार आपोआप मिटलं.

मी दारावर थाप मारली. नुसता घरघर आवाज आला. थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं, आणि आत वैनी नव्हत्या. दोन गोऱ्या बायका होत्या, त्या माझ्या अंगावरून निघून गेल्या. लिफ्ट म्हणून माणसं वर नेणारा एक प्रकार असतो हे दादांनी सांगितलं होतं, पण शेजारी शेजारी दोन असतात आणि मी भलत्याच दारापुढं सरकून उभा आहे, हे मला कोण सांगणार. मला वाटलं, वर नेऊन सोडलं असेल. मी जिन्यानं पळत सुटलो.

प्रत्येक मजल्यावर तसाच लांब बोळ, तशीच बंद दारं. मी "वैनी, वैनी" करत एकेक बोळ पालथा घातला. दारं उघडायची, माणसं बघायची, दारं मिटायची. एक डगलेवाला शिपाई भेटला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली. त्याला कळेना. पोटुशी आहे अशी खूण केली असती तर कळलं असतं, पण थोरल्या भावजयीबद्दल परक्या माणसापुढं तसला हात मला करवेना. हात उचलला आणि खाली घेतला. पुढं पळालो. डोळ्यांपुढं ती म्हातारी आणि तिचा पितळेचा डबा. शहरात एवढी माणसं, त्यात नाव न वाचता येणारी, भाषा न येणारी बाई कुठंतरी बसली असेल आणि तिच्या पोटात दुखायला लागलं असेल, एवढंच मनात. सगळ्यात वर गच्चीवर पोचलो तर तिथं नुसता वारा. खाली वाकून बघायची माझी छाती झाली नाही.

तसाच खाली आलो. काचेतून दादा रस्ता ओलांडून येताना दिसले, हातात तिकिटं. त्यांना काय सांगायचं हे शोधत मी भिंतीला धरून उभा राहिलो, आणि समोरचं दार उघडलं.

वैनी खाली गालिच्यावर मांडी घालून बसल्या होत्या. कोट पोटावर ओढलेला. शेजारी झाडलोट करणारी एक काळी बाई, बादली आणि खराटा घेऊन, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"कुठं हुता भावजी?" वैनी म्हणाल्या. "मी कितींदा हितनं गेले. दार उघडायचं, तुमी नसायचा."

मी म्हणालो, उतरायचं नाही का.

"उतरू कशी? चुकामूक झाली तर जागचं हालायचं नसतं, येवढं ठावं न्हाई तुमाला? मी न्हाई हालले. खोली हालत हुती, ती हालू दे."

बाजारात, जत्रेत आमच्याकडं प्रत्येक पोराला हेच शिकवतात. हरवलेल्यानं थांबायचं, शोधणाऱ्यानं यायचं. किती लोकांनी त्यांना बाहेर पडायला सांगितलं, हाताला धरलं. वैनींनी जागा सोडली नाही. ती खराटेवाली शेवटी त्यांच्याबरोबरच वर-खाली करत राहिली, एकटी नको म्हणून. वैनींनी उठताना तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ती हसली आणि बादली घेऊन वर गेली. दादांना वैनींनी सांगितलं, पाय दुखत होते, बसले होते जरा.

किसुमूच्या बिऱ्हाडी पोचल्यावर वैनींनी स्वयंपाक केला, भांडी घासली, आणि मग कापायला लागल्या. नेहमी घटकाभरात थांबायचं ते. त्या दिवशी थांबेना. दादांनी घोंगडी घातली, मी चहा केला. मग त्या दादांना म्हणाल्या, "मला घरी न्या. त्या गाडीतली लोकं बी जागची हालली न्हवती. त्यांची खोलीच हालली. माजं पोर हितं चुकलं, तर त्याला कुठं थांब म्हणून सांगू?"

दादांना नोकरी सोडायची नव्हती. दोघांत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण महिन्याच्या आत मी आणि वैनी बोटीत होतो. धक्क्यावर दादांनी विचारलं, परत कधी येशील. वैनी म्हणाल्या, तुमी या.

घरी आलो तो दुष्काळ. माहेरी शेवगावकडं प्यायला पाणी नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच केलं. मुलगा झाला, धडधाकट. दादांची पत्रं यायची, मी अडखळत वाचून दाखवायचो, आता तरी ये. वैनी ऐकायच्या, पोराला पाजत राहायच्या, आणि उत्तरात काय लिहू असं मी विचारलं की म्हणायच्या, लिवा, पोराला दात आला. लिवा, पोरगं उभं ऱ्हातं. आई चिडायची, नवऱ्याला असं ताटकळत ठेवतात का. गावही बोललं. वैनी कुणाला उलटून बोलल्या नाहीत.

वैनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोळे मिटले की त्या मला लिफ्टमधल्या दिसत नाहीत. दिसतात त्या दुष्काळ सरून पाटाला पुन्हा पाणी आलं त्या वर्षीच्या. उसाला पाणी चाललं होतं, वैनी फावडं घेऊन वाफ्याच्या तोंडाशी, पोरगं बांधावर मातीत. सडकेकडून एक माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन येताना दिसला. चालण्यावरून मी ओळखलं. वैनींनी माझ्याआधी ओळखलं होतं. त्यांनी हाक मारली नाही, पोराला उचललं नाही. फावडं टेकून उभ्या राहिल्या. वाफा भरला, फुटला, पाणी बांधावरून वाहायला लागलं, त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं. उन्हाळ्यात ओंजळभर पाण्यासाठी कोसभर चाललेली बाई, पण तिकडं बघितलं नाही.

दादा शेवटी सडक सोडून आमच्याच बांधाला लागले. पाणी मी वळवलं.