बाटलीच्या आधी माझा वास घेतला

बाईसाहेबांनी माझा हात मनगटाला धरून स्वतःच्या नाकाशी नेला. हुंगला. मग मान खाली करायला लावून केस हुंगले. मागच्या अंगणात ड्रायव्हर होता, माळी होता. त्यांच्या देखत. "जा, पुन्हा साबण लाव," म्हणाल्या. "कोळणीच्या कातडीतच मुरलेलं असतं ते."

तारापूरला अणुवीजकेंद्र बांधत होते तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका साहेबांच्या बंगल्यावर मी स्वयंपाक करायचे. पावसाळा तोंडावर आला होता. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की नवऱ्याला काम नाही; घरात चूल पेटणार ती माझ्याच पगारावर. म्हणून पहाटे घरून अंघोळ करून आलेली मी तिसऱ्यांदा नळाखाली बसले. कातडी लाल होईस्तोवर घासली.

दुपारी जेवायला फ्रान्सचा इंजिनीअर येणार होता, त्याच्या मुलखातली, बोर्दोची लाल वाईन घेऊन. दारूबंदीचे दिवस. आमच्या वाडीत ताडीचं मडकं सापडलं तर पोलीस माणसाला फरफटत न्यायचे. गोऱ्याला परवाना होता. ही वाईन म्हणे आधी नाकाने प्यायची, मग तोंडाने. म्हणून घरात दुसरा वास नको. देवापुढची उदबत्ती विझवताना बाईसाहेबांनी देवाला हात जोडले. मला हुंगताना कुणाची माफी मागायची गरज पडली नाही. एरवी माझ्याच हातची पापलेटं बोटं चाटून खायची ही माणसं.

मटण शिजवून घेतलं आणि मला बाहेर काढलं. वाढायला ड्रायव्हर. मी मागे मोरीपाशी, जेवणघराच्या खिडकीखाली. आत साहेब बायकोला शिकवत होते. लाल वाईन मटणाबरोबर घ्यायची. मासळीबरोबर घेतली तर तोंडात लोखंड चघळल्यासारखं लागतं. मग पाहुणा बोलला, बराच वेळ. साहेब बायकोला मराठीत सांगू लागले. याच्या मुलखात मोठी नदी समुद्राला मिळते. काठाने द्राक्षांचे मळे आणि तिथेच मासेमारी. नदीतला सापासारखा लांब मासा ते याच वाईनमध्ये शिजवतात, मोठी मेजवानी असते ती. इथली मासळी मिळेल का, असं विचारतोय.

मागचं दार उघडलं. बाईसाहेब हसत होत्या. आवाजात साखर. "अगं, आत ये ना. आपली वामही तशीच सापासारखी लांब, घरून पटकन घेऊन ये आणि तुझ्या पद्धतीने कर. पाहुण्यांना तूच वाढ."

माझं डोकं भणाणलं. म्हणजे वासाचा प्रश्न नव्हताच. हात तेच, मी तीच. सकाळी घाण होते, गोऱ्याने मासळी मागितली तशी अन्नपूर्णा झाले. आणि मी? मुकाट तीनदा साबण लावून बसले. माझाच जास्त राग आला मला.

मी म्हटलं, "बाजारात मासळी हुंगतात, बाई. तुमी मला हुंगलं. मी नाय येणार."

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चेहरा उतरला, आणि लगेच कडक झाला. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या. मी तोवर फाटकाशी पोचले होते.

सासूने कपाळाला हात लावला. पावसात पोरांना काय वाळू वाढू, म्हणाली. तिचं चूक नव्हतं. त्या पावसाळ्यात सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन मी वाणगाव, उमरोळी पालथी घातली. चिखल तुडवला. पोरांना पेज पाजली, कधी तीही पाण्यासारखी. बंगल्यावरून दोनदा निरोप आला. गेले नाही.

आता पोरगी हाताशी आली आहे. तिला सांगून ठेवलंय, तुझ्या अंगाला वास येतो म्हणून कुणी नाक मुरडलं तर साबण शोधायला जाऊ नकोस. मीही जाणार नाही. आणि पुन्हा कुणी माझा हात धरून नाकाशी नेला, तर त्याच हाताने त्याचं थोबाड फोडीन.