डिस्कला हळदकुंकू

विठ्ठलवाडीला आमचा गाळा होता. शाळांच्या गणवेशावरचे बिल्ले तिथे मशीनवर शिवले जायचे. मी चौथी पास. उलट्या बाजूचे सुटे धागे कापायचं काम माझं, आणि ते मी चांगलं करायचे.

बिल्ल्यांची डिझाइनं माझ्या नवऱ्याने कम्प्युटरवर केलेली. तो गेला, पण डिझाइनं खायला घालत होती. ज्या प्रोग्रामवर ती केली तो त्याने एकदाच विकत घेतला होता. त्यात कुठे भोक सापडलं की कंपनी इंटरनेटवरून ठिगळ पाठवायची, फुकट. तो गेल्यावर कंपनीने नियम बदलला. प्रोग्राम वापरा, पण ठिगळ हवं तर दरवर्षी पैसे भरा.

कम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस मुलाला म्हणाला, "दादा, भरून टाका. चोरांना भोकं आधी कळतात."

मुलगा म्हणाला, "शिवतंय ना मशीन? विकत घेतलेल्या घराचं भाडं कोण भरतं?"

मला ते पटलं. अजून पटतं.

त्या माणसाने निदान सगळ्या डिझाइनांची एक प्रत डिस्कवर काढून दिली. ती गाळ्यात ठेवायची नाही, कम्प्युटरला लावून तर मुळीच ठेवायची नाही, असं बजावलं. ती कळव्याला घरी माझ्या कपाटात, साड्यांखाली असायची.

खंडेनवमीला आमच्याकडे धंद्याची एकही वस्तू घरी राहत नाही. कात्र्या, बॉबिन, सुया, सगळं गाळ्यात पाटावर मांडतात. त्या वर्षी मुलाने डिस्कही नेली. तिला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्याला सकाळी मुहूर्त करतात, म्हणजे प्रत्येक हत्याराने थोडं तरी काम करायचं. मी एक धागा कापला. मशीनने एक फूल शिवलं. मुलाने डिस्क कम्प्युटरला लावली.

सून म्हणाली, "अहो, तिची पूजा झाली ना? राहू दे की."

"मग बाकीच्यांनी काय पाप केलंय? ती तेवढी लाडकी?"

त्याने त्या फुलाचं डिझाइन डिस्कवर ठेवलं. मग श्रीखंड वाट बघत होतं म्हणून आम्ही शटर ओढून घरी आलो. कम्प्युटर चालू होता आणि डिस्क त्याला लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी एकही डिझाइन उघडेना. पडद्यावर इंग्रजीत मजकूर होता. सुनेने वाचून दाखवला. फायलींना कुलूप लावलंय, पैसे द्या.

दुरुस्तीवाला आला. म्हणाला, "घाबरू नका मावशी, प्रत आहे. डिस्क कुठाय?"

मुलाने बोट दाखवलं. डिस्कवर कुंकू तसंच होतं. तो माणूस स्टुलावर बसला. डिस्कवरही कुलूप लागलं होतं. चोर आले ते प्रोग्राममधल्या भोकातून. पैसे भरणाऱ्यांना त्याचं ठिगळ पावसाळ्यातच मिळालं होतं.

मुलाने कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं लायसन चालू आहे. फक्त अपडेट त्यात येत नाहीत."

"आता भरतो."

"भरा ना सर. पुढचे सगळे मिळतील."

चोरांना पैसे दिले नाहीत. दिले तरी ते कुलूप काढतीलच याची खात्री पोलीसही देईनात. कापडावरचा जुना बिल्ला बघून डिझाइन पुन्हा करता येतं, पण मुलाचा हात बापासारखा नव्हता. शाळांच्या बोधचिन्हातला दिवा त्याच्या हातून भेंडीसारखा निघायचा. शाळा थांबल्या नाहीत, का थांबतील? मशीन विकलं, गाळा सोडला. मुलगा आता उल्हासनगरला दुसऱ्याच्या मशीनवर कामाला जातो. तिथे दरवर्षी पैसे भरतात, असं त्याने एकदा जेवताना सांगितलं.

यंदा खंडेनवमीला पाटावर माझी एकटी कात्री होती.

"डिस्क ठेवायची का?" सुनेने विचारलं.

"कशाला?" मुलगा म्हणाला.

दसऱ्याला सकाळी मुहूर्त करायला कापण्यासारखा धागा घरात नव्हता. मी त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली आणि चहा टाकला.