मांजरीसाठी पाहिलेलं स्थळ

लग्न होऊन मी मंठ्याला आले तेव्हा भांड्यांबरोबर माहेरची मांजरीही आली. "हे काय माहेरचं खूळ!" म्हणत सासूबाईंनी कपाळाला हात लावला. कणगीभोवतीचे उंदीर कमी झाले तशा गप्प बसल्या. त्या परक्या घरात मनातलं बोलायला मला ती एकच होती.

पुढच्या वर्षी नांदेडला दिराचं लग्न ठरलं. परतूरपर्यंत बैलगाडी, पुढं निजामाची रेल्वे. जाऊन यायला पंधरवडा सहज मोडणार. घराला कुलूप लागणार आणि नेमकी त्याच वेळी मांजरी व्यालेली. पिलांचे डोळे नुकते उघडले होते आणि पेठेत एक काळा बोका मोकाट हिंडत होता. बोका पिलं मारतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"मांजर हाय ते. जगंल आपलं आपण," सासूबाई म्हणाल्या.

"तिला असं टाकून मी येणार न्हाई," मी म्हटलं. नव्या सुनेनं असं बोलायचं नसतं. मी बोलले.

मग मुलीला स्थळ पाहावं तशी मी घरं पाहिली. गवळ्याकडं दूध मुबलक; पण दूध विकणाऱ्याच्या दारात मांजराला आधी काठी दिसते. शेजारच्या काकूंनी हातच वर केले. "न्हाई गं बाई! माझ्याकडं मेली-बिली तर पाप फेडायला काशीला सोन्याचं मांजर कुणी द्यायचं? एवढा खर्चा मला न्हाई झेपायचा." मागच्या गल्लीतल्या धनगर मावशी आपणहून म्हणाल्या, "माझ्याकडं ठिव." पण त्यांच्या दारात मेंढरं राखणारा वासराएवढा कुत्रा. मी हसून पुढं गेले. शेवटी अडत्याचं घर पसंत केलं. धान्याची कोठी, उंदरांची चंगळ, आणि त्याची बायको मांजर शोधतच होती. निघायच्या आदल्या दिवशी मांजरी आणि तिन्ही पिलं टोपलीतून पोचवली. माझी निवड पक्की होती.

सकाळी गाडी जुंपताना अडत्याची बायको धावत आली. "अगं, रातच्याला बोका आल्ता कोठीत! पिलं वाचली, पण तुझी मांजर एकेक पिलू उचलून कुठं तरी नेऊन राह्यली."

मी तशीच पळत सुटले. मागच्या गल्लीत ती दिसली, शेवटचं पिलू तोंडात धरून. ती थेट धनगर मावशींच्या अंगणात शिरली. कुत्रा उठून उभा राहिला. मी किंचाळलेच. तिनं पाठ फुगवली, पण पिलू सोडलं नाही. मावशी "बस!" म्हणाल्या तसा कुत्रा बसला, आणि ती त्याच्यासमोरून लोकरीच्या ढिगात गेली. बाकीची दोन तिथं आधीच निजली होती.

"जा तू बिनघोर," मावशी म्हणाल्या. "मांजर पिलांना सात घरं फिरवतं. तिला माझं घर पसंत पडलं."

कुत्रा आहे तिथं बोका फिरकत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं. तरी मी आजही म्हणते, अडत्याचं घर वाईट नव्हतं.

लग्नात मी मिरवले, पोटभर जेवले. परतताना मात्र एकच भीती होती. पिलं जगतील, पण मांजरी आता मावशींचीच झाली असेल. मंठ्यात माझं म्हणावं असं तेवढंच तर होतं.

कुलूप काढलं, चूल पेटवली. मी मुद्दाम तिला आणायला गेले नाही. म्हटलं, घर तिनं निवडलं होतं, आताही तिनंच निवडावं. दिवेलागणीला ती उंबऱ्यावर आली, शेपूट ताठ करून; मागं अडखळत तिन्ही पिलं. कुत्रा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आला होता. ती सरळ कणगीमागं गेली आणि पिलांना पाजत आडवी झाली. मला रडू आवरेना.

सासूबाईंनी वाटीत दूध ओतलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"रडतीस कशाला? ती बी आता घरचीच झाली."

त्यातला 'बी' मला बराबर ऐकू आला.