साडीच्या दुकानाला काकूंचा निरोप

मंडळी, आज पुरता अडकलोय.

चेन्नईत मैलापूरच्या माझ्या घरमालकीण काकू तंजावरी मराठी. काका गेल्या महिन्यात वारले. आज काकूंच्या फोनवर साडीच्या दुकानाचा व्हिडिओ मेसेज आला. सनईसारखं नादस्वरम, समई, काकूंचं नाव आणि "जोडीने अवश्य या!"

बोलावणं आलं की उत्तर द्यायचंच, ही काकूंची रीत. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, "हे गेले. वर्षभर नवी साडी घेणार नाही. राग मानू नका."

लगेच दुकानाचं आपोआप जाणारं उत्तर आलं, "धन्यवाद! जोडीने कधी येताय? खालचं बटण दाबा."

"काय म्हणाले रे?"

मला वाचून दाखववेना. म्हणालो, "फार हळहळले."

"मग भेटायला येतील. कॉफीला दूध जास्त आण."

जास्तीचं पाकीट आणलंय. येणारं कुणीच नाही, हे त्यांना कसं सांगू?